लुगड्याला कात्री लागली नाही

यॉर्क, १२ फेब्रुवारी

आई,

पाया पडते. तू बसूनच आशीर्वाद दे, गुडघ्यांना त्रास नको.

तुझं लग्नातलं हिरवं लुगडं नीट पोचलं. आमच्या संग्रहालयात जुन्या काळचे पोशाख घालून नाचायचा समारंभ आहे. त्यासाठी मी या लुगड्याचा अडीचशे वर्षांपूर्वीच्या इथल्या बायकांसारखा घोळदार झगा शिवून घेतेय. "कापायचं तर काप गो, मला आता कुठं नेसायचंय," असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हापासून माझं मन धजत नव्हतं.

काल शिवणाऱ्या मार्गारेटबाईंकडे गेले. कात्री चालताना बघवणार नाही म्हणून खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. तर त्यांनी लुगडं माझ्या खांद्यांवर टाकलं आणि पाठीवर निऱ्या घालून टाचण्या लावायला लागल्या.

"कापणार नाही?" मी विचारलं.

"एवढं लांब कापड कोण कापतं? तेव्हा शिलाई स्वस्त, कापड महाग. बायका झगा उसवून त्याच कापडाचा पुन्हा दुसरा शिवायच्या."

म्हणून टाके लांब लांब, आणि बाह्या दुसऱ्या कापडाच्या. कंबरेला आतून नाडीने पिशवी बांधायची, अगदी तुझ्या चंचीसारखी. त्या बायका तिच्यात काय ठेवत असतील?

शिवानीवहिनी म्हणते, तू हल्ली मॅक्सीच घालतेस. हात मागे पोचत नाही, की मनच होत नाही? खरं सांग.

समारंभ झाला की टाके मीच उसवीन. मे महिन्यात म्हसळ्याला येताना लुगडं सबंध नऊ वार घेऊन येईन. तू नेस, कासोटा मी खोचून देईन.

तुझी,
मृणाली