लोखंड केव्हा झालं

अण्णा,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आणि या पंधरवड्यात मी तुमच्याशी मनातल्या मनात जितकं बोलले तितकं तुम्ही होतात तेव्हाही बोलले नव्हते. शाळांसाठी निघणाऱ्या एका कोशात विश्वाच्या आरंभीच्या स्थितीवर नोंद लिहायचं काम माझ्याकडे आलंय. कॉलेजातून निवृत्त झालेल्या बाईला कुणी काही लिहायला सांगितलं की बरं वाटतं, म्हणून हो म्हटलं. पण नोंद दीड पानाच्या पुढे सरकत नाही. एका ठिकाणी तापमानाचा आकडा एक, दुसरीकडे भलताच, आणि तिसरा लेख त्या दुसऱ्यावरून चुकीसकट उतरवलेला. मूळ निबंध हाताला लागून वाचून झाल्याशिवाय माझ्याच्याने पुढची ओळ लिहवत नाही. कोशाचं काम बघणारी मुलगी काल फोनवर म्हणाली, "मॅडम, इतकं कोण बघतंय? नेटवरचे दोन-तीन रेफरन्स टाकून द्या ना." मी तिला फार तोडून बोलले. तिला असं बोलायचा मला काय अधिकार होता, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

तेव्हा तुम्ही येरवड्याच्या तुरुंगात कैद्यांना लिहा-वाचायला शिकवायचात आणि मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. ती संध्याकाळ मला अजून दिसते. आई थालीपीठ थापतेय, तुम्ही पाटावर बसून गवार मोडताय आणि मान वर न करता मला सांगताय, की वर्गात एक लोहार आहे, पन्नाशीचा, नुकता जोडाक्षरांपर्यंत आलेला. त्यानं आज विचारलं, "मास्तर, जग सुरू झालं तवा लोखंड हुतं का?" तुम्ही त्याला म्हणालात, मला माहीत नाही, विचारून सांगतो. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "तुमचं फिजिक्स काय म्हणतं ते बघ. पुस्तकाचं नाव आणि पान लिहून आण. तो माणूस साक्षीदाराच्या शब्दावर आत आलाय. ऐकीव गोष्ट तो घेत नाही."

मी शनिवारी लायब्ररीत जाणार होते. शनिवारी मैत्रिणी कात्रजच्या तळ्यावर निघाल्या आणि मीही गेले. परतताना एकीच्या घरी चहाला थांबलो, तिथे एक साप्ताहिक पडलं होतं. त्यात रंगीत चित्राखाली लिहिलं होतं की सोनं, लोखंड, सगळं काही पहिल्याच क्षणी तयार झालं. मी ते कागदावर उतरवलं. साप्ताहिकाचं नाव तुम्हाला चालणार नाही हे माहीत होतं, म्हणून लायब्ररीच्या कपाटात काचेआडून पाहिलेल्या एका जाड इंग्रजी पुस्तकाचं नाव घातलं आणि पुढे पान दोनशे चौदा. दोनशे चौदाच का, ते आजही सांगता येणार नाही. तुम्ही कागद वाचलात, घडी घालून खिशात ठेवलात आणि म्हणालात, "छान. कामाचं झालं."

तुम्ही तो वर्गात वाचून दाखवलात. लोहार खूश झाला, म्हणाला, "म्हंजी माझ्या ऐरणीइतकं जुनं कायच न्हाई." आणि मग म्हणाला, ते पान बघू द्या, वाचता येणार नाही, पण डोळ्यांनी बघू तर द्या. म्हणून तुम्ही सायकल मारत माझ्या कॉलेजात गेलात, ग्रंथपालांना विनंती केलीत आणि ते पुस्तक उघडलंत. घरी आलात तेव्हा मी दारातच दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते.

"पान सापडलं," तुम्ही म्हणालात. "त्यावर भिंगांची आकृती आहे."

तुम्ही चपला काढल्यात, पाय धुतलेत, आणि मग शांतपणे म्हणालात, "चुकली असतीस तरी चाललं असतं. माहीत नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं. तू न पाहिलेल्याची साक्ष दिलीस."

पुढचा महिनाभर तुम्ही एका निवृत्त प्राध्यापकांना पत्रं लिहिलीत, त्यांनी सुचवलेलं पुस्तक शब्दकोश शेजारी घेऊन वाचलंत. सुरुवातीला हायड्रोजन, हेलियम असली हलकी द्रव्यंच होती. लोखंड पुष्कळ उशिरा, ताऱ्यांच्या पोटात झालं. तुमची खात्री पटेपर्यंत लोहार शिक्षा संपवून गेला होता. तुम्ही त्याच्या गावी कार्ड टाकलंत. उत्तर आलं नाही, तेव्हा एका रविवारी एसटीनं स्वतः गेलात. तो कामाला दुसरीकडे कुठेतरी गेला होता. त्याच्या बायकोनं तुम्हाला पाणी दिलं आणि कौतुकानं सांगितलं, "भात्याम्होरं बसलं की जो यील त्याला सांगत्यात. लोखंड पयल्यापास्नं हाय, मास्तरांनी सांगितलंय." तुम्ही तिला खरं काय ते समजावायचा प्रयत्न केलात. ती नुसती हो हो म्हणत राहिली. हे तुम्ही आईला सांगितलंत, मला नाही. मी आतल्या खोलीत ऐकत होते.

तुम्ही मला कधी टाकून बोलला नाहीत. एमएस्सीला पहिली आले तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत, नोकरी लागली तेव्हा घड्याळ आणून दिलंत. पण विज्ञानातलं काही अडलं की तुम्ही त्या प्राध्यापकांना कार्ड लिहायचात. घरात फिजिक्स शिकवणारी मुलगी बसलेली असायची आणि तुम्ही ग्रहणाची वेळसुद्धा तिला विचारली नाहीत. मी वाट बघत राहिले, शेवटच्या आजारपणातही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. कॉलेजात दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना ही हकिगत सांगत आले. लोहार, ते पान, तुमचं ते वाक्य, एसटीचा प्रवास, काही गाळलं नाही. फक्त त्या हकिगतीतली मुलगी माझी एक मैत्रीण असायची, आणि वडील तिचे.