कुशाबाचं शेवटचं कडवं

कापडे, ता. पोलादपूर
१६ नोव्हेंबर २०२५

दोस्त महिपत,

दत्तारामचा रामराम. चौतीस वर्षांनी अक्षर ओळखलंस तर बरं, नाय तर खाली सही हायच. इकडं सगळं ठीक. भात झोडून झालं, गुडघे तेवढे माझं ऐकत नाय. पत्ता तुझ्या कंपनीचाच घातलाय, पोचेल कधीतरी.

नात सेजलनं परवा मोबाईलवर तुझी मुलाखत लावून दिली. रेकॉर्ड कंपनीचे एवढे मोठे साहेब, मागं टेपांची कपाटं, आणि बोलताना कान ओढायची सवय तीच! मी दोनदा बघितली. गोदामात कॅसेटी खोक्यात भरणारा गडी निर्माता कसा झाला ते तू सांगितलंस, पण मला पुरतं उमगलं नाय. पोस्टानं आलेल्या शंभर टेपांतनं ह्याच बाईचं गाणं चालणार, हे तुला कशावरून कळायचं? साहेब लोक ‘हे गावठी’ म्हणून नाक मुरडायचे, तेव्हा त्यांना काय सांगायचास? आणि एखादं गाणं आपटलं की जेवण जायचं का रे? सेजल म्हणाली, आजोबा, तुम्हीच विचारा की. फोन केला असता, पण तो मी मधेच ठेवला असता.

आपला शाहीर कुशाबा जाऊन अकरा वर्षं झाली. बनुवहिनी हाय, ऐंशीला टेकली. तुझ्या पहिल्या गाजलेल्या कॅसेटमधलं कुशाबाचं जाखडी नाचाचं गाणं आता मोबाईलवर मिळतं. वहिनी रोज येते नि सेजलला लावायला सांगते. गाणं संपलं तरी बसून राहते, पुढं कायतरी येईल म्हणून. तुला काय सांगायचं, शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं, गुरूचं आणि गावाचं नाव गुंफतो. ते कडवंच त्यात नाय. कवी म्हणून ‘पारंपरिक’ लिहिलंय. वहिनीनं जन्मात नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नाय. ते त्याच्याच आवाजात एकदा ऐकावं, एवढीच तिची इच्छा उरलीय.

गावानं खापर तुझ्यावर फोडलं. मुंबईला गेला नि शाहिराचं नाव खाल्लं, म्हणाले. कुशाबानं तुला दारातनं परत लावलं, आणि तू पुन्हा गावाकडं फिरकला नाहीस.

आता लिहितोच. रेकॉर्डिंगच्या दिवशी गाणं मिनिटभर लांब होत होतं. कुशाबा चहाला खाली गेलेला. काचेपलीकडनं तू मला विचारलंस, “दत्ता, कुठलं कडवं काढू?”

मी म्हणालो, “शेवटचं काढ. त्यात नुसती नावं हायत. कुशाबाचं काय म्हणणं नाय.”

कुशाबाला मी विचारलंच नव्हतं. चाल माझी होती, महिपत. रात रात बसून बांधलेली. त्याचं नाव, गुरूचं नाव, गावाचं नाव, माझं कुठंच नाय. पोटात दुखलं माझ्या, दुसरं काय. पुढं बोलायची हिंमत झाली नाय. कुशाबा गेला त्या दिवशीसुद्धा त्याच्या उशाशी बसून मी गप्पच राहिलो. लाज वाटते लिहिताना.

मुलाखतीत तुझ्या डोक्यामागं एक डबा दिसला. सेजलनं चित्र मोठं करून वाचलं, ‘कुशाबा, पूर्ण’. म्हणजे टेप तू जपलीस. मग कुशाबा दारात तुला नाय नाय ते बोलत होता, मी तिथंच उभा होतो, तेव्हा माझ्याकडं बोट का दाखवलं नाहीस? बाकीचे सगळे प्रश्न राहूदेत. एवढं एक मला मरायच्या आधी कळायला पायजे.

काल वहिनीला सगळं सांगितलं. पाखडता पाखडता तिचे हात थांबले. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाली, “महिपतभावजींना बोलवा. माझ्या हातचं जेवल्याबिगर जायचं नाय, म्हणावं. आणि ते वाजवतील तेव्हा तुम्ही उंबऱ्याच्या आत यायचं नाय.”

बरोबर हाय तिचं. तू टेप घेऊन ये, आणि जरा मोठ्यानं वाजव. बाहेर ऐकू आलं पायजे.

अंगणात उभा राहणारा,
दत्ताराम