ग्रीन एफडी आणि माझे डोळे

१२ जानेवारी, सोमवार
डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू पिकलाय, आता थांबू नका. पिकायला तो काय आंबा हाय? न्हावा शेवा बंदराच्या ट्रकांचा धुरळा हाय हवेत, म्हणून धूसर दिसतं. सुईला मी भीत नाय. चार बाळंतपणं घरी झाली माझी. (नातीच्या, इराच्या मार्करने लिहिते. मोठं अक्षर शोभतं.)

१६ जानेवारी
ऑपरेशनचे पैसे घेऊन दवाखान्याला निघाले, वाटेत बँक लागली. तिथला सत्यजीत, पोरगाच हाय पण टाय लावतो, म्हणाला, आजी, ग्रीन एफडी करा, तुमच्या पैशातून सोलर, झाडं, व्याज तुमचं आणि हवा सगळ्यांची. दिली करून! हवा साफ झाली की डोळे आपोआप साफ. चिरफाड नाय, वर व्याज.

१७ जानेवारी
सुनेला सांगितलं. अंकिता म्हणाली, अहो आई, ते डोळ्याचे पैसे होते! मी म्हटलं, बाय, तू एका डोळ्याचं बघतेस, मी अख्ख्या विचुंबे गावाचं बघते. रडली. कांदा चिरत असेल.

३ फेब्रुवारी
फरक पडला!! गच्चीवरून समोर हिरवं दिसतंय. आधी नव्हतं. बँकेचं काम लय फास्ट.

१८ फेब्रुवारी
झाडी पाण्याच्या टाकीच्या वर गेली. चहात मीठ पडलं, पण डबेच सारखे हायेत. उजवीकडे सगळं पांढरं. साफ हवा पांढरीच असणार.

१० मार्च
इरा शाळेतून आली. मी विचारलं, कोण पाहिजे बाळा? माझीच नात. हसली नाय ती.
तशीच बँकेत गेले. सत्यजीतला म्हटलं, बाबा, हवा जरा लवकर करा, आमच्या गल्लीपुरती तरी. तो म्हणाला, आजी, ते सोलर लांब लागलंय, इकडे नाय. मी म्हटलं, मग वारा तिकडून इकडे येतोच की. येतो ना?

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. इराला गच्चीवरून झाडी दाखवली. म्हटलं, बघ, आजीने लावलीय. ती म्हणाली, आजी, ती बिल्डिंग हाय गं. बांधकामावर हिरवं जाळं लावलंय.
मी म्हटलं, ठाऊक हाय मला. तुझी परीक्षा घेत होते.
मग खाली उतरताना तिचा हात सोडला नाय.

२३ मार्च
एफडी मोडली. अंकिता सोबत होती. सत्यजीतने जागा दाखवली, मी झोकात सही केली. मग अंकिताने माझं मनगट धरलं, टेबलावरून उचललं आणि कागदावर ठेवलं.