आधी कोणतं काम

प्रिय धम्मशीला,

तू फोनवर नेहमी म्हणतेस, बाबा, सगळं एकदम सुधारायला जाऊ नये, आधी एकच काम निवडावं. तेच आता माझ्यावर आलं आहे. शेठ म्हणाले, "इंद्रभानजी, चार दिवस जिनिंग बंद ठेवू, पण काम एकच सुधारू. कोणतं, ते तुम्ही ठरवा." कॉलेज न पाहिलेल्या माणसाला विचारलं, म्हणून छाती फुगली. रोलरचा आवाज बदलला की कोणता घासतो, ते मी पाठमोरा सांगतो, हे त्यांनाही माहीत आहे.

मग सगळ्यांना विचारत फिरलो. गेटवरचा रवी म्हणाला, आधी वजनकाटा. गाड्यांची रांग पार हायवेले टेकते. कापसातला कचरा वेचणाऱ्या कौशल्याबाई म्हणाल्या, "काटा जाऊ द्या चुलीत, आमच्या डोक्यावर पंखा लावा ना भाऊ!" मी हसलो. पण माझं मन गंजीपाशीच अडकलं होतं.

तुला आठवतं? कापसाची आग आधी दिसत नाही, गंजीच्या पोटात धुमसते. म्हणून मी रोज सकाळी प्रत्येक गंजीत खांद्यापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढतो, हुंगतो आणि मान हलवतो. मगच मशीन सुरू होतं. लहानपणी तू माझी नक्कल करायचीस, उशी हुंगून मान हलवायचीस. आजही सगळे त्या मानेकडेच बघत उभे असतात.

मागच्या आठवड्यात मी ओट्याशेजारी पेपर वाचत होतो आणि दूध करपलं. तुझी आई अंगणातून धावत आली. "काऊन हो, दूध जयून राह्यलं, नाक गहाण टाकलं का?" तिच्या नकळत फिनेलची बाटली नाकाला लावली. काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईलच असं नाही.

तेव्हापासून मी कापूस नुसता नाकाशी धरतो. हाताला ऊब लागते की भीतीनं तसं वाटतं, कळत नाही. गंजीला लागूनच कौशल्याबाई आणि बाकीच्या बाया बसतात. तरी मी मान हलवतो गं.

आधी सुधारायचं काम हेच. गंजीत खुपसायचे तापमापक आणावेत, तपासणी दोघांनी करावी. पण शेठ विचारतील, तुम्ही असताना काऊन? उद्या सकाळी मान हलवायच्या आधी ते सांगायचं आहे. त्याआधी तुझ्याजवळ बोलून पाहिलं, जमतं का म्हणून.

तू पाठवलेलं अत्तर छान आहे म्हणालो होतो ना? त्याचा वास कसा आहे, तेवढं कळव.

जयभीम.

तुझाच, घाबरलेला
बाबा