भाचीचं लग्न आणि सेन्सरचा हीटर

३ मे
गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. बारा तारखेला जळगाव जामोदला श्रद्धाचं लग्न. मी तिचा एकुलता एक मामा, म्हणजे नवरीला मांडवात मीच आणणार. मेहकरहून स्वतःच्या गाडीनं येतो, हे जयमालाताईला कधीचं सांगून ठेवलंय. दिवा लागलेल्या गाडीतून मामा उतरणार नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला ते शोभत नाही.

४ मे
मोबाइलला स्कॅनर जोडला. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याचा हीटर बंद आहे. हीटरमुळे सेन्सर लवकर तापतो आणि कामाला लागतो. वंदनाला समजावलं. ती म्हणाली, बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन तापून राह्यलं, अन् तुमाले हीटर कायले पाह्यजे? बायकोशी शास्त्र बोलू नये.

५ मे
मल्टिमीटर लावला. स्क्रीन कोरी. म्हणजे हीटर जळालाच. नवा सेन्सर मागवला.

६ मे
मीटरमध्ये सेल नव्हता. निदान तेच.

८ मे, दुपार
सेन्सर बदलला. सहज. गॅरेजवाले उगाच भाव खातात.

संध्याकाळ
दिवा पुन्हा लागला. गाडीच्या पुस्तिकेनुसार सेन्सर दोन असतात. बिघडलेला पुढचा. मी मागचा बदलला. तोही कधीतरी गेलाच असता, आगाऊ काम झालं. पुढचा अकोल्याहून ट्रॅव्हल्सनं मागवला.

१० मे
पार्सल आलं. जुना निघेना, गंजलाय. खोबरेल तेल सोडलं. ताईचा फोन : हळदीले ये. नव्वद टक्के काम झालंय, असं कळवलं. मग पान्याला पाइप लावून जोर दिला. सेन्सर निघाला. अर्धा. बाकीचा नळीतच आहे.

११ मे
वंदना एसटीनं पुढे गेली. जाताना एवढंच म्हणाली, चालून राह्यली होती गाडी, खोलली काऊन? चुलतभाऊ सहदेवचा फोन आला, दादा, जीपमंधी जागा हाय. नको म्हणालो. मामा काय जीपमध्ये कोंबून येतो? अख्खी नळी उतरवली. उतरवताना एक बोल्ट तुटला. किरकोळ.

१२ मे, सकाळ
नळी परत बसत नाही. एसटीनं निघतो. खामगावला पुढची गाडी लगेच मिळेल. आणि आपल्याकडे लग्न कधी वेळेवर लागलंय?

१२ मे, संध्याकाळ
वेळेवर लागलं.

खामगावला बस मिळता मिळेना. ताईनं सांगितलं, पोरगी पाय उचलेना, मामा येऊन राह्यला म्हणे. भटजींनी मामाला दोनदा हाक दिली. शेवटी सहदेवनं तिचा हात धरला. माझ्यासाठी आणलेला फेटा त्याला बरोबर बसला. फार वाईट वाटलं.

श्रद्धा पाया पडली. रागावली नाही. मामा, जेवले काय, एवढंच विचारलं.

हो म्हणालो. पंगती उठल्या होत्या.