डॅनीच्या नावाची मिस्सा

प्रिय डॅनी,

वाडीत बॉटल मसाल्याची धांदल आहे. मिरच्या उन्हात घातल्यात, सगळी गल्ली शिंकतेय. शेजारच्या पद्मजाताईंनी विचारलं, डॅनी काय म्हणतो? म्हटलं, मजेत आहे. हल्ली मला हे न अडखळता बोलता येतं.

तुझ्यावर फार चिडले होते रे मी. युक्रेनमध्ये लढाई पेटली, तुझ्याबरोबरची मुलं विमानाने परत आली, आणि तू बायकोच्या, ओल्गाच्या गावी राहिलास. गावात परकं सैन्य शिरलं तरी हलला नाहीस. फोनवर म्हणे, मम्मा, बेकरीत कामाला लागलोय! ज्याला धड चहा करता येत नाही, तो डॉक्टर पाव भाजणार? पुढे ओल्गाची बहीण पोलंडला निसटली, तिने खरं सांगितलं. पिठाच्या गोण्यांमागे जखमी माणसं लपवलेली, आणि तू त्यांना टाके घालतोयस. मी दोन दिवस जेवले नाही. दुसऱ्यांच्या देशासाठी जीव धोक्यात घालायला तुला डॉक्टर केलं होतं का? आणि तरी, खोटं कशाला बोलू, चर्चमध्ये गुडघे टेकले की अभिमानाने ऊर भरून यायचा.

डॅडींना यातलं काहीच सांगितलं नाही. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. अजून सगळ्यांना सांगतात, पोरगा बेकर झाला, आपलं ईस्ट इंडियन ख्रिस्ती रक्त शेवटी पावाकडेच वळलं. फोन का येत नाही विचारतात, तेव्हा म्हणते, तिकडे रेंज नाही.

ईस्टरनंतर ओल्गाच्या बहिणीचा फोन आला होता. औषधं घेऊन येताना तुला गोळी लागली. तुझ्या माणसांनी तुला गुपचूप पुरलं, वर क्रूसही लावता आला नाही. मेला तो कोण, हे त्या शिपायांना अजून कळलेलं नाही. कळलं तर ते ओल्गाच्या दारात उभे राहतील, आणि ओल्गाला सातवा महिना आहे. इथली बातमी मोबाइलवरून तिथवर पोचू शकते, म्हणून ती त्या गावातून बाहेर पडेपर्यंत इथे कोणाला काही कळता कामा नये, डॅडींनाही नाही. उद्या तुझा वाढदिवस. डॅडींनी तुझ्या दीर्घायुष्यासाठी चर्चमध्ये मिस्सा सांगितलीय. फादर तुझं नाव घेतील, आणि मला डॅडींच्या शेजारी उभं राहून, हसऱ्या चेहऱ्याने आमेन म्हणायचंय. म्हणून आज घरात कोणी नसताना हे लिहिलं, पोटभर रडून घेतलं. आता हा कागद गॅसवर धरते, बाळा.

तुझीच, आणि आता तुम्हा लपवणाऱ्यांतलीच एक,
मम्मा