चौथा चौकोन

सोमवार, ३ तारीख
लागले बाई एकदाची नोकरीला! लिफ्टदुरुस्तीचं ऑफिस, दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल. ताईनं, म्हणजे माझ्या आतेबहिणीनं, शब्द टाकला म्हणून मिळालं. माणसं पाच: साहेब, ताई, फोन घेणाऱ्या मावशी, बडबड्या मेकॅनिक आणि मी. भिंतीवरच्या स्क्रीनवर टीमचा डॅशबोर्ड मांडायचं काम माझं. साहेबांनी बारा आकडे सुचवले, मी गोड बोलून नऊ उडवले. उरले तीन: शिल्लक तक्रारी, दुरुस्तीला लागलेले तास, पुन्हा आलेल्या तक्रारी. प्रत्येकाला एक चौकोन, नियम एकच, आकडा उतरला की हिरवा. ताई म्हणाली, माझं नाक कापू नकोस म्हणजे झालं.

गुरुवार, ६
शिल्लक तक्रारी एकतीसवरून थेट शून्य! साहेब हवेत. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. यादी उघडली, तर एकतीसच्या एकतीस लिफ्ट अजून बंद आणि प्रत्येकीपुढे 'मिटली' असा शेरा. कुणी मारला? बडबड्या म्हणतो, मी नाही. मावशी म्हणतात, मला बाई त्यातलं काही कळत नाही. साहेबांवर लक्ष ठेवायला हवं.

सोमवार, १०
साहेबांना चौथा चौकोन हवा होता: हजर माणसं. तिसऱ्याचीच नक्कल मारली, नाव बदललं, दोन मिनिटांत काम फत्ते. आकडा पाच. लाल का दिसतोय कोण जाणे. उद्या बघू.

मंगळवार, ११
मावशी आल्या नाहीत. चौकोनात चार. साहेबांना विचारलं तर म्हणे, कोण मावशी? चेष्टा करताहेत, की गुपचूप काढून टाकलं बिचारीला? तिचा चष्मा अजून टेबलावर आहे.

बुधवार, १२
तीन. बडबड्याची खुर्ची रिकामी. साहेबच एकेकाला काढताहेत, दुसरं कोण? ताईला सांगितलं. ती म्हणाली, इथे पहिल्यापासून आपण तिघंच आहोत. ताई माझ्याशी खोटं बोलत नाही. बोलते का?

गुरुवार, १३, सकाळ
दोन. साहेब नाहीत. ताई म्हणते, कुठले साहेब?
आत्ता लक्षात आलं. नक्कल मारताना नियमही तोच आला. उतरला की हिरवा. अगं बाई, काय करून बसले मी! ताई पाण्याची बाटली भरायला गेलीय. नऊ मिनिटं झाली —

दुपार
एक. हिरवागार.
ताईची पर्स खुर्चीवर. मी हाका मारमारून थकले. आत्याला काय तोंड दाखवू? मला माझी ताई हवी. बस, बाकी काही नको.
नियम उलटा केला. वाढला की हिरवा.

दोन. जिन्यात पावलं. ताई! दारात उभी आहे, हसतेय. रडूच फुटलं मला.

तीन. तिच्या मागे — ताईच. तोच ड्रेस, तीच बाटली.
लिफ्ट दुरुस्त झाल्याच नव्हत्या, चौकोनानं फक्त आकडा जुळवला होता. आताही नुसता आकडाच —

नऊ. सगळ्या ताई. माझी कुठली? विचारलं, तर सगळ्या एकदम म्हणाल्या, मी.

दहा. ही ताई नाही. हिच्या हातात रोजनिशी आहे, आणि माझ्याच अक्षरात ती लिहि